तीनशे यार्ड आणि पाच पावले

अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक प्रवाशास जो नियम प्रथम ऐकविला जातो तो असा की, अस्वल दृष्टीस पडल्यास त्याच्यापासून निदान 300 यार्ड, म्हणजे सुमारे 275 मीटर, दूर राहावे. आणि त्याच अलास्कात, डेनालीच्या नैर्ऋत्येस पाचशेहून अधिक किलोमीटरांवर, कुक आखाताच्या पश्चिम किनाऱ्याला मॅकनील नावाची जी एक लहानशी नदी मिळते, तिच्या धबधब्याशी बसलेल्या प्रवाशांसमोरून त्याच जातीची अस्वले कित्येकदा पाच पावलांवरून, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात, आणि तेथील सरकारी अंमलदार त्याबद्दल कोणास दटावीत नाहीत. एका ठिकाणी अंमल संघसरकारचा आहे, दुसऱ्या ठिकाणी राज्यसरकारचा. परंतु या दोन सरकारांत मतभेद आहे म्हणून हे दोन शिरस्ते पडले, असे मात्र नाही. दोन्ही शिरस्ते दीर्घ अनुभवांती ठरलेले आहेत, दोन्हींमागे प्राणिशास्त्राचा भक्कम आधार आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे कसे घडते याचा उलगडा करणे हाच या प्रकरणाचा विषय. कारण तो उलगडा झाला म्हणजे उत्तरेकडील अरण्यात वन्य प्राणी पाहावयास जाणे म्हणजे नेमके काय करणे, याची कल्पना पुष्कळशी येईल.

प्रथम त्या मुलखाचा विस्तार ध्यानी घ्यावयास हवा. 1867 साली रशियाकडून अमेरिकेने 72 लाख डॉलरांस खरेदी केलेला हा प्रदेश क्षेत्रफळाने सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहूनही मोठा आहे, आणि त्यात वस्ती आहे ती अवघी सव्वासात लाखांच्या आसपास, तीही बहुतेक दोनतीन शहरांभोवती दाटलेली. उरलेल्या मुलखात रस्ते नाहीत. अशा निर्जन भूमीत श्वापदांची नुसती रेलचेल असेल, पाऊल टाकावे तेथे काहीतरी शिंगाचे वा दाताचे जनावर उभे असेल, अशी जी कल्पना चित्रपटांनी आणि रंगीत मासिकांनी आपल्या मनात भरवून दिली आहे ती साफ चुकीची आहे. जेथे जमीन हातभर खाली बारमाही गोठलेली असते आणि हिरवळीस वाढावयास वर्षातले जेमतेम तीन महिने मिळतात, तेथे एका अस्वलाचे किंवा लांडग्यांच्या एका टोळीचे पोट भरावयास जो टापू लागतो, तो उष्ण कटिबंधातील अरण्याच्या हिशेबाने अवाढव्य वाटावा असाच असतो. जनावरे आहेत; परंतु ती विरळ आहेत. म्हणून त्यांच्या दर्शनाची इच्छा धरणाऱ्यास दोनच मार्ग उरतात: एक तर पुष्कळ मुलूख नजरेखालून घालावयाचा, किंवा जेथे निसर्गाने काही कारणाने अन्नाची रास घातली आहे अशा जागी जाऊन स्वस्थ बसावयाचे. डेनाली हे पहिल्या मार्गाचे उदाहरण आहे आणि मॅकनील हे दुसऱ्याचे.

डेनालीच्या उद्यानाची कल्पना निघाली ती अस्वलांमुळे नव्हे, तर मेंढ्यांमुळे. चार्ल्स शेल्डन नावाचा एक सधन शिकारी आणि निसर्ग-अभ्यासक डॉल जातीच्या शुभ्र रानमेंढ्यांचा अभ्यास करण्यासाठी 1906 साली त्या पर्वतराजीत गेला, आणि पुढे 1907 सालचा हिवाळा त्याने टोकलाट नदीच्या काठी लाकडी खोपट बांधून काढला. तेथील कळप खाणकामगारांच्या आणि रेल्वेच्या मजुरांच्या ताटांत जाऊन संपणार, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षे खटपट करून 26 फेब्रुवारी 1917 रोजी त्या भूमीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळवून दिला. त्याचा वाटाड्या हॅरी कार्स्टन्स हाच उद्यानाचा पहिला अधीक्षक झाला. या गृहस्थाने मधल्या काळात, 1913 साली, त्याच पर्वतराजीतील, उत्तर अमेरिकेत सर्वोच्च असलेल्या शिखरावर पोहोचलेल्या पहिल्या तुकडीतही आपले नाव घातले होते. 1923 ते 1938 या पंधरा वर्षांत उद्यानातून एक कच्चा रस्ता काढण्यात आला. त्याची लांबी सुमारे 148 किलोमीटर आहे, तो एकच आहे, आणि आजतागायत त्याचे पहिले चोवीस-पंचवीस किलोमीटर तेवढे डांबरी आहेत.

या रस्त्याच्या कच्चेपणामागे एक सबंध विचारसरणी आहे. 1939 ते 1941 या वर्षांत येथील लांडग्यांचे निरीक्षण करून 1944 साली त्यावर ग्रंथ लिहिणारा आणि लांडगा हा मेंढ्यांचा वैरी असला तरी त्यांच्या कळपाचा नाश करणारा नव्हे हे साधार मांडणारा अडॉल्फ म्युरी हा शास्त्रज्ञ, पुढे रस्ता रुंद करून पक्का करण्याची तजवीज सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध हिरिरीने उभा राहिला. जो रस्ता वेगाने धावण्याजोगा होतो त्यावरून माणसे प्राणी पाहावयास जात नाहीत, नुसती पलीकडे जातात, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे 1971 साली अँकरेज आणि फेअरबँक्स या शहरांना जोडणारा महामार्ग उद्यानाच्या दाराशी आला, मोटारींचा लोंढा येणार हे स्पष्ट झाले, आणि 1972 पासून उद्यानाने असा हुकूम काढला की, डांबरी भागापुढे खाजगी मोटार नेण्याची मुभा नाही. ज्यास जावयाचे त्याने उद्यानाच्या बसमधून जावे. पुढे एका मोसमात रस्त्यावर होणाऱ्या वाहनफेऱ्यांवरही मर्यादा पडली, आणि तो आकडा 10,512 असा काटेकोर ठरला. सरकारी दप्तरातील आकडे सहसा गोल असतात. हा नाही, आणि म्हणूनच तो कोणीतरी मन लावून काढला असावा, असे मला वाटत आले आहे.

बसमधील प्रवासाची रीत साधी आहे. प्रवाशांपैकी ज्यास काही दिसेल त्याने ओरडून गाडी थांबवावयाची, आणि गाडी थांबताच सर्वांनी गप्प व्हावयाचे. खिडकीबाहेर हात वा डोके काढावयाचे नाही. बस जनावरांच्या परिचयाची असते. ती रस्ता सोडत नाही, तिच्यातून कोणी उतरून पाठलाग करीत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने पटलेले असते. आणि म्हणून कॅरिबू हरणे, क्वचित लांडगे, आणि पिल्ले घेऊन निघालेली अस्वलाची मादीसुद्धा तिच्या कडेने निश्चिंत चालत जाताना दिसते. मात्र हाच प्रवासी बसमधून उतरून टुंड्राच्या उघड्या रानात पायी निघाला की सारा मामला पालटतो. उद्यानाच्या अंतर्भागात आखीव पायवाटा जवळजवळ नाहीतच. किंबहुना एकामागे एक न चालता पसरून चाला, म्हणजे नवी वाट मळणार नाही, अशीच तेथील सूचना असते. अशा माणसाचा मार्ग, वेळ आणि हेतू यांपैकी कशाचाच अंदाज अस्वलास करता येत नाही.

शिवाय डेनालीचे अस्वल गरीब असते. समुद्रापासून दूर असल्यामुळे त्याच्या नद्यांना सामन माशांची समृद्धी नाही. वसंतात मुळे उकरावीत, उन्हाळ्यात कोवळा पाला आणि जमिनीत बिळे करणाऱ्या खारी, आणि शरद ऋतूत लाल आंबट बोरे ओरबाडावीत, मध्येच एखादे मूस किंवा कॅरिबूचे पाडस हाती लागले तर ती मेजवानी, असा त्याचा संसार. या मिळकतीवर पाचसहा महिन्यांच्या शीतनिद्रेची चरबी साठवावयाची असल्याने त्याचा प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि अन्न विखुरलेले असल्याने दुसऱ्या अस्वलाचा शेजारसुद्धा त्याला सहसा रुचत नाही. मग माणसाचा कोठून रुचणार? 2012 सालच्या ऑगस्टमध्ये या उद्यानाच्या इतिहासात अस्वलाच्या हल्ल्यात पहिला मनुष्यबळी गेला तो एकट्याने हिंडणाऱ्या एका पदयात्रीचा. त्याच्या कॅमेऱ्यातील छायाचित्रांवरून असे निष्पन्न झाले की, चरणाऱ्या अस्वलाची छायाचित्रे तो सुमारे 50 यार्डांवरून कित्येक मिनिटे घेत राहिला होता. पंचाण्णव वर्षांत एक, हा आकडा अस्वलाच्या क्रौर्याविषयी फारसे काही सांगत नाही. नियमाच्या उपयुक्ततेविषयी मात्र बरेच सांगतो.

डेनालीच्या त्या एकुलत्या रस्त्याचे पुढे काय होणार हा प्रश्न स्वतंत्र आहे. एका डोंगरउतारावरील गोठलेली जमीन वितळून रस्त्याचा तुकडा सतत खाली सरकू लागल्यामुळे 2021 च्या ऑगस्टमध्ये तो निम्म्या वाटेवरच बंद करावा लागला, आणि तेथे पूल बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले.

आता मॅकनीलकडे वळू. मराठी वाचकाच्या मनातील अस्वल म्हणजे मेळघाटातील वा ताडोब्यातील काळे, झिपरे, वारुळे फोडून वाळवी ओढणारे आणि मोहाच्या फुलांवर तुटून पडणारे जनावर. त्याची मूर्ती येथे क्षणभर बाजूस ठेवावी लागते. अलास्काच्या किनाऱ्यावरील तपकिरी अस्वल डेनालीच्या अस्वलाचे सख्खे जातभाई असले तरी सामन माशांवर पोसल्यामुळे आकाराने त्याच्या कितीतरी पुढे जाते. पूर्ण वाढलेला नर साडेचारशे किलोंच्याही वर भरू शकतो. मॅकनील नदीच्या मुखापासून थोड्याच अंतरावर वर एक धबधबा आहे. त्याला धबधबा म्हणावे इतकी त्याची उंचीही नाही. खडकांच्या पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरते एवढेच. परंतु समुद्रातून अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने येणारे चम जातीचे सामन मासे जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत या पायऱ्यांपाशी अडतात, खालच्या डोहांत त्यांची दाटी होते, आणि आसपासच्या शेकडो चौरस किलोमीटरांतील अस्वले येथे लोटतात. एका उन्हाळ्यात 144 पर्यंत निरनिराळी अस्वले या नदीवर ओळखली गेली आहेत, आणि एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात सत्तरहून अधिक मोजली गेली आहेत. जगात इतकी तपकिरी अस्वले एकत्र जमण्याचे दुसरे ठिकाण ज्ञात नाही.

जो प्राणी एरवी स्वजातीयाचा वारा सहन करीत नाही, तो येथे खांद्याला खांदा लावून उभा कसा राहतो? अन्न अपार असले म्हणजे भांडण्यात वेळ दवडणे तोट्याचे ठरते, हे एक कारण. आणि भांडण टाळण्यासाठी अस्वलांनी पाळलेला दर्जांचा कडक क्रम हे दुसरे. आपल्याकडील पंगतीत पाट कोठे मांडावा यावरून जितके मानपान चालत, तितकेच येथे खडकांवरून चालतात: ज्या शिळेवर मासा आपणहून पुढ्यात उडी मारतो ती सर्वांत दांडग्या नराची, त्याच्या खालची त्याहून किंचित दुबळ्याची, माद्या कडेच्या उथळ पाण्यात, आणि आईने नुकतीच हाकलून दिलेली अडीचतीन वर्षांची पोरे अगदी खालच्या अंगास, इतरांनी टाकलेले तुकडे वेचीत. मासे मुबलक झाले म्हणजे थोराड अस्वले सबंध मासा खातसुद्धा नाहीत. कातडी, मेंदू आणि अंडी, म्हणजे जेथे चरबी अधिक तेवढे, काढून घ्यावयाचे, आणि उरलेला मासा प्रवाहात सोडून द्यावयाचा. त्या उष्ट्यावर समुद्रपक्ष्यांचे आणि धाकट्या अस्वलांचे चालते. मान एका बाजूस वळविणे, तोंड उघडून लाळ गाळणे, अंग ताठ करून सावकाश पुढे येणे, अशा खुणांनी बहुतेक तंटे मिटतात. प्रत्यक्ष झुंज होते तेव्हा ती भयंकर असते, परंतु ती विरळा.

मनुष्यप्राणी या दरबारात शिरला तो आरंभी अगदी बेशिस्तपणे. 1954 साली सेसिल रोड या छायाचित्रकाराची येथील चित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली आणि या अज्ञात नदीचे नाव गाजले. 1955 साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे ताडोबा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले त्याच वर्षी, तेथे शिकारीस बंदी आली. 1967 साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून अभयारण्य स्थापिले. तथापि बंदुकीस बंदी झाली म्हणून उपद्रवास बंदी झाली असे नव्हे. छायाचित्रकार आणि हौशी लोक वाटेल तेव्हा, वाटेल तितके, नदीच्या दोन्ही काठांनी वाटेल तेथे हिंडू लागले, कोणी अस्वलांच्या मध्येच गळ टाकून मासे धरू लागले. परिणामी धबधब्यावर येणाऱ्या अस्वलांची संख्या घटली, आणि माणूस व अस्वल या दोघांच्याही जिवावर बेतण्याची लक्षणे दिसू लागली. तेव्हा 1973 पासून राज्याच्या वन्यजीव खात्याने परवान्याची पद्धत सुरू केली. तिचा मुख्य कणा आजही तोच आहे: 7 जून ते 25 ऑगस्ट या मुदतीत दिवसास फक्त दहा प्रवासी, त्यांची निवड अर्जांतून सोडत काढून, मुक्काम चार दिवसांचा, आणि अस्वलांपाशी जावयाचे ते खात्याच्या सशस्त्र कर्मचाऱ्याबरोबरच, सर्वांनी मिळून, एका वाटेने.

1976 साली लॅरी ऑमिलर या तरुणाची नेमणूक तेथील व्यवस्थेवर झाली आणि पुढले तीस उन्हाळे त्याने त्या नदीवर काढले. मॅकनीलची जी विलक्षण कीर्ती झाली तिच्यात मोठा वाटा या मनुष्याच्या चिकाटीचा आहे. त्याच्या पद्धतीत चमत्कार काहीही नव्हता, आणि तेच तिचे मर्म होते. रोज त्याच सुमारास निघावयाचे. मुक्कामाच्या तळापासून धबधब्यापर्यंतची तीनएक किलोमीटरांची वाट, भरतीच्या चिखलातून आणि कमरेला येणाऱ्या पाण्यातून जाणारी, कधी बदलावयाची नाही. धबधब्यापाशी खडी पसरून केलेला जो लहानसा ओटा आहे त्यावर बसावयाचे, आणि तेथून हलावयाचे नाही. आवाज चढवावयाचा नाही, परंतु चोरपावलांनीही चालावयाचे नाही, कारण अस्वलास सर्वांत जास्त भिववते ते अवचित समोर येणे. एखादे पोरसवदा अस्वल कुतूहलाने फारच जवळ सरकू लागले तर ऑमिलर पायाने खडी करकरवी, टाळी वाजवी, किंवा मोठ्या माणसाने दांडग्या मुलास बजवावे तशा स्वरात दोन शब्द बोले. बहुधा तेवढ्याने काम भागे. अस्वलास आपण होऊन जवळ यावयाची मुभा. माणसास एक पाऊलही पुढे टाकण्याची मनाई. याचा अर्थ असा की, पाच पावलांचे ते अंतर माणसाने कमी केलेले नसते, अस्वलाने केलेले असते. आणि ते किती ठेवावे हे प्रत्येक अस्वल स्वतःच्या स्वभावाप्रमाणे ठरविते. काही नर वर्षानुवर्षे पलीकडच्या काठावरूनच मासे धरतात आणि ओट्याकडे फिरकतही नाहीत. उलट काही माद्या ओट्यापासून काही हातांवर आडव्या होऊन पिल्लांना पाजतात; दांडगे नर, ज्यांच्याकडून पिल्लांना खरे भय असते, ते माणसांच्या आसपास कमी येतात हे त्या जाणत असाव्यात, असा निरीक्षकांचा तर्क आहे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्या अभावी सगळा घोटाळा होतो. माणूस दिसला तरी अस्वलाने पळू नये इतका त्याला माणसाचा सराव होणे ही एक गोष्ट. आणि माणूस दिसला की काही खावयास मिळते, अशी चटक लागणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीने अस्वल शांत होते, दुसरीने ते धीट, मग उद्दाम, आणि अखेरीस बंदुकीचे भक्ष्य होते. मॅकनीलच्या तळावर म्हणून तंबूत बिस्किटाचा तुकडाही ठेवावयाचा नाही असा सक्त दंडक आहे. शिजविणे, खाणे, साठविणे सारे एका सामाईक लाकडी खोलीत. डेनालीतही 1980 च्या दशकात पायी प्रवाशांस अस्वलाला न फुटणारे, घट्ट झाकणाचे डबे शिधा ठेवण्यासाठी सक्तीचे झाले, आणि त्यानंतर तेथील अस्वलांनी तंबू फाडून अन्न पळविण्याचे प्रकार जवळजवळ बंद पडले. एवढ्या बाबतीत दोन्ही ठिकाणचा कायदा अक्षरशः एक आहे. आणि थोडे खोल पाहिले तर अंतराच्या बाबतीतही तो एकच आहे. डेनालीतील 300 यार्ड हेसुद्धा, ज्या अस्वलास आपला काहीच अनुभव नाही त्याच्या मर्जीवर अंतर सोडावयाचे झाल्यास किती मोकळी जागा द्यावी, याचेच माप आहे.

1973 पासून मॅकनीलच्या धबधब्यावर एकाही प्रवाशास अस्वलाने जखमी केले नाही, आणि प्रवाशांपायी एकही अस्वल मारावे लागले नाही.

हे वाचून कोणा साहसी मनुष्यास असे वाटेल की, अस्वले मुळातच सौम्य आहेत, त्यांच्यावर प्रेम करावे म्हणजे झाले. तसे वाटलेला एक इसम होऊन गेला, आणि त्याची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. मॅकनीलच्या दक्षिणेस लागूनच कॅटमाई नावाचे विशाल राष्ट्रीय उद्यान आहे. 1912 सालच्या प्रचंड ज्वालामुखी-उद्रेकानंतर 1918 साली राष्ट्रीय स्मारक म्हणून त्याची स्थापना झाली. तेथे टिमोथी ट्रेडवेल या अमेरिकन माणसाने तेरा उन्हाळे अस्वलांच्या सहवासात काढले. त्यांना लाडकी नावे दिली, त्यांच्याशी गुजगोष्टी केल्या, त्यांना स्पर्शसुद्धा केला, आणि त्यांचा रक्षणकर्ता म्हणून शाळाशाळांतून व्याख्याने दिली. 2003 सालच्या ऑक्टोबरात, सामन संपून गेलेले, ओळखीची अस्वले पांगलेली आणि भुकेली अनोळखी अस्वले आलेली, अशा वेळी तो त्यांच्याच वाटेवर तंबू ठोकून राहिला, आणि तो व त्याची सोबतीण असे दोघेही अस्वलाच्या तोंडी पडले. वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकाने त्याच्यावर काढलेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. मला त्या माणसाच्या धैर्याचा उपहास करावयाचा नाही. परंतु त्याने अस्वलांशी नाते जोडले ते व्यक्तिगत, रोज नव्याने अजमावयाचे, आणि ऑमिलरने जोडले ते सर्वस्वी व्यक्तिनिरपेक्ष. मॅकनीलच्या अस्वलास ओट्यावरील माणूस कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते. दर चार दिवसांनी माणसे बदलतात, आणि त्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. त्या मैत्रीपेक्षा हा कोरडेपणा मला अधिक आदराचा वाटतो.

त्या ओट्यापर्यंत पोहोचणे सोपे नाही. होमर या गावाहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने सुमारे 160 किलोमीटर जावे लागते, आणि कुक आखाताची भरती-ओहोटी जगातील मोठ्यांपैकी असल्यामुळे विमान उतरते ते भरतीचा मुहूर्त साधून. धुके पडले की प्रवासी होमरलाच दिवस मोजीत बसतात. तळावर वीज नाही. जूनमध्ये येणाऱ्यास धबधब्यावर फारसे काही दिसत नाही. तेव्हा अस्वले भरतीच्या पठारावर गुरांसारखी गवत चरत असतात आणि शेजारच्या मिकफिक ओढ्यात लवकर येणाऱ्या सॉकाय जातीच्या सामनांवर नजर ठेवून असतात. धबधब्याचा भर जुलैत. साहजिकच जुलैच्या परवान्यांसाठी अर्ज फार आणि जागा थोड्या. दिवसास दहा माणसे, ऐंशी दिवस, आणि प्रत्येकाचे चार दिवस, असा हिशेब मांडला तर उभ्या उन्हाळ्यात दोनशेच्या आसपास माणसांची सोय होते. इतक्या दुर्मीळ दृश्यावर इतक्या थोड्यांचाच हक्क का, अशी तक्रार होते, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु सोडत ही श्रीमंतास आणि गरिबास सारखीच आंधळी असते. परवान्याचा लिलाव केला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. ज्यांची चिठ्ठी निघत नाही त्यांच्यासाठी कॅटमाईतील ब्रुक्स धबधबा आहे. तेथे लाकडी उंच मचाणे बांधली आहेत, गर्दी मोठी असते, आणि 2012 पासून तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे ती अस्वले घरबसल्याही पाहता येतात. जुलैत भारतीय घड्याळात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा तेथे आदल्या संध्याकाळचे आठ असतात, आणि उजेड भरपूर असतो. तेव्हा पुण्यातल्या वाचकास झोपमोड करण्याचेही कारण नाही.

राहता राहिला हद्दीचा प्रश्न, आणि तो या साऱ्या व्यवस्थेतील दुखरा भाग आहे. अभयारण्याची सीमा नकाशावर असते. सामन संपले की अस्वल ती ओलांडून बोरांच्या डोंगरांकडे, नाहीतर दूरच्या किनाऱ्यांकडे निघते. अलास्कात तपकिरी अस्वलाची शिकार कायदेशीर आहे. ज्या अस्वलास तीस वर्षांच्या परिपाठाने असे शिकविले की दोन पायांच्या प्राण्यापासून भय नाही, ते सीमेपलीकडे बंदूकधाऱ्यासमोर उभे राहिले, तर त्यास शिकार म्हणावे की विश्वासघात? शिकारीचे कैवारी म्हणतात की, प्राण्यांची एकूण संख्या भरपूर असताना काही मोजकी अस्वले गेल्याने जातीचे नुकसान होत नाही, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. परंतु येथे प्रश्न संख्येचा नाही. धबधब्यावरील निर्भयता ही काही ठरावीक, वर्षानुवर्षे ओळखीच्या अस्वलांच्या ठिकाणी साठलेली असते, माद्यांकडून पिल्लांकडे जाते, आणि तेवढी मोजकी अस्वले गेली की तीही जाते. 2005 च्या सुमारास राज्याच्या शिकार-नियामक मंडळाने अभयारण्याच्या आसपासच्या काही जमिनी 2007 पासून अस्वलांच्या शिकारीस खुल्या करण्याचे ठरविले, तेव्हा ऑमिलरने या कामी आपली संमती नाही हे दाखविण्यासाठी नोकरी सोडली. देशभरातून हरकतींचा पाऊस पडला, आणि 2007 साली, शिकारीचा मोसम सुरू होण्यापूर्वी, मंडळाने आपला निर्णय फिरविला. ऑमिलर परत त्या जागेवर आला नाही. आणि निर्णय पुन्हा एकदा फिरविण्याचा अधिकार मंडळाकडे जसा त्या वेळी होता तसा तो आजही आहे.